मीटरभाऊंचे दोन अंश

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मीटरभाऊ आधी भिंतीवरचं घड्याळ बघत, मग स्वतःच्या मनगटावरचं, आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आत सांगत, "दीड मिनिट पुढं हाय." एकदा लग्नात त्यांनी भटजींनाही हे सुनावलं. मुहूर्त काही टळला नाही, पण वरमाय वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

तळेगावच्या एका कारखान्यात मापाची यंत्रं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते मळवलीला परतले, तेव्हा आमच्या मासेपालन गटाने पवनेच्या धरणात चिलापी माशांचे पिंजरे टाकले होते. गटाचे अध्यक्ष माझे सासरे. होडी चालवायचे मी. होडीवर फिश फाइंडर, म्हणजे मासे शोधायचं यंत्र होतं. पाण्याची खोली, होडीचा वेग, पाण्याचं तापमान, सगळं पडद्यावर दाखवायचं. ते दाखवेल ते आम्ही खरं मानायचो. वेळ जात नाही म्हणून भाऊ धरणावर येऊ लागले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ह्याला कुणी तपासलंय का?"

त्यांनी काठावर दोन बांबू रोवले, मधलं अंतर टेपने मोजलं आणि मला तेवढ्या अंतरातून होडी एकदा न्यायला आणि एकदा आणायला लावली. "जाताना वारं ढकलतं, येताना अडवतं. दोन्हीची सरासरी धरायची." होडीच्या बुडाशी वेग मोजणारी इवलीशी चक्री असते. ती शेवाळाने जाम झाली होती. त्यांनी जुन्या टूथब्रशने ती घासून काढली. मी यंत्राला नावं ठेवायला लागले तर म्हणाले, "आधी कितीनं चुकतंय ते बघू. शिव्या मागनं."

मग तापमान. यंत्राच्या पाण्यातल्या सेन्सरला खेटून त्यांनी आपला काचेचा थर्मामीटर दहा मिनिटं पाण्यात धरला. तो हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं. यंत्र दोन अंश कमी दाखवत होतं. तेवढा फरक त्यांनी यंत्रात भरला आणि दोन्ही आकडे जुळले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ऊन चढलं तसा पडदा तेहतीस दाखवू लागला. भाऊ सासऱ्यांकडे आले. "पाणी तापलं की त्यातली हवा कमी हुती. पिंजऱ्यात मासं लय दाटल्यात. निम्मं आत्ताच काढा, खाद्य कमी करा."

व्यापारी पंधरा दिवसांनी येणार होता आणि मासे अजून वजनाला भरायचे होते. सासरे हसले. "तुमी हात लावल्यापास्नं यंत्र बिघाडलंय. आधी बरं दाखवत हुतं."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला यंत्र पहिल्यासारखं करायला सांगितलं. मी बटण दाबलं. तेहतीसचे एकतीस झाले आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं.

आठवड्याने आभाळ भरून आलं, वारा पडला, पाण्यात हवा मिसळेना. सकाळी लांबूनच पिंजरे पांढरे दिसले. सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. चार दिवस आम्ही ते घमेल्यांनी काढून पुरत होतो. साबण लावून लावूनही हातांचा वास जाईना.

गटाच्या बैठकीत सासरे म्हणाले, "म्हाताऱ्यानं मशीनची वाट लावली." लोकांनाही दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. भाऊ उठून उभे राहिले. "आकडा बरोबर हुता," एवढंच बोलले आणि माझ्याकडे पाहिलं. आकडे जुळले तेव्हा होडीत आम्हा दोघांखेरीज कुणीच नव्हतं. मी सतरंजीकडे बघत राहिले. मग ते चपला शोधून निघून गेले.

त्यानंतर ते धरणावर फिरकले नाहीत. शेजाऱ्याने पंपाचा प्रेशर मीटर दाखवायला नेला, तर "मला त्यातलं काय कळतंय," म्हणून परत केला म्हणे.

वर्षभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी मळवलीला गेले. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. खुर्ची जवळ ओढून मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. जुळलेले आकडे, बटण, सासऱ्यांचा धाक, सगळं. पापणीही हलली नाही.

त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"आता त्यान्ला काय कळत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तवाच बोलायचं हुतंस."

मग त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला.