तांब्याची चव

बोईसरला माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जवळच्याच माहीमचा एक वायरमन नेहमी येतो. वायर तो दातांनीच सोलायचा. मी रागावलो की म्हणायचा, "तांबं जिभेला लागलं की थांबायचं. तार तुटत नाय." परवा तो नवी कवळी घालून आला आणि वायरची जाडी आपोआप ओळखणारा स्ट्रिपर मागितला. मी तीन दाखवले. तो प्रत्येकाने वायरचा एकेक तुकडा सोलून बघत राहिला. तिसऱ्याने एकही तार न तुटता आवरण अलगद निघालं. "हाच चांगला हाय," तो म्हणाला, "याला पन कळतं कुठं थांबायचं." मी पिशवी घेऊन वळलो, तर तो त्या तुकड्याचं उघडं टोक जिभेला लावून, डोळे मिटून उभा होता.