अक्कांची मंडळी

चर्चच्या दारात अक्का मोठ्यांच्या आधी तान्ह्या बाळांना नमस्कार करीत. दोन्ही हात जोडून "स्तोत्रम्" म्हणत, जो तमिळ ख्रिस्ती लोकांचा नमस्कार, आणि बाळानं नुसती जांभई दिली तरी उत्तर मिळाल्यासारखी मान डोलावत. नवऱ्याच्या बदलीमुळे काही वर्षांसाठी म्हणून आम्ही नगरहून तंजावूरला आलो आणि तिथलेच झालो. पहिल्या रविवारी रूथ माझ्या कडेवर होती. तमिळ उपासनेतलं अक्षर कळत नव्हतं, तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं, "पोरीचं नांव काय वो?"

अक्का राजवाड्याजवळच्या मराठी घरातल्या. तमिळ ख्रिस्ती माणसाशी लग्न करून पुढे काही वर्षांनी त्यांनी आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचं मराठी माझ्या आजीच्याहून जुनं, हेल मात्र तमिळ. देवनागरी वाचता येत नसे. माझं मराठी बायबल त्या माझ्याकडून वाचून घेत आणि मध्येच माझंच मराठी सुधारत.

संडेस्कूल त्यांच्याकडे होतं. सभेत कुणी मुलांना "उद्याची मंडळी", म्हणजे उद्याचं चर्च, म्हटलं की अक्का उभ्या राहत. "उद्याची कां? आज ती पाहुणी आहेत?" मुलं गोंगाट करतात, बाहेर बसवा, असं एका बाईंनी सुचवलं तेव्हा म्हणाल्या, "पोरं नुसती बोलतात. तुमचे यजमान घोरतात."

सोळाव्या वर्षी रूथ दृढीकरणाच्या वर्गाला बसली. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेला होकार मुलांनी स्वतःच्या तोंडानं द्यायचा, तो हा विधी. नव्या, तरुण पाळकांनी एकेकाला विचारलं, "तुझा विश्वास आहे?" बाकीच्यांनी पाठ केलेलं म्हटलं. रूथ म्हणाली, "मला अजून खात्री नाही." पाळक सरळ मनाचे, त्यांना ते लागलं. ती दर रविवारी गायची त्या गाणाऱ्यांच्या रांगेत खात्री होईपर्यंत तिनं उभं राहू नये, असं त्यांनी ठरवलं. रूथनं चर्चच सोडलं. ह्यांनी आवाज चढवला, मी रडले, तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी अक्का दारात हजर.

"रूथ, चल गं. ऑटो थांबलाय."

"अक्का, मला खात्री नाही."

"मला तरी रोज कुठं असते? वाटेत बोलू."

रूथ गेली. उपासनेनंतर अक्का मला घेऊन पाळकांकडे गेल्या. एव्हाना मला तमिळ कळत होतं; पाळकांना तिकडे 'अय्या' म्हणतात.

"अय्या, रूथला 'आमच्या बापा' ही प्रार्थना मी शिकवली. आता तो तुझा बाप नाही असं सांगू?"

"तसं नाही, अक्का. पण नुसत्या बाप्तिस्म्याच्या पाण्यानं कुणी विश्वासणारं होत नाही. मन पालटावं लागतं."

"लागतंच. माझंही रोज पालटावं लागतं. मला कां नाही काढत?" मग आवाज मऊ झाला. "मी दारातून आले, अय्या. ही पोरं घरात जन्मली. घरच्या पोराला शिकवायचं, रागवायचं, त्याची वाट बघायची. उंबऱ्याबाहेर उभं करून 'तू कोण' विचारायचं नाही."

 पाळक हसले. "गाऊ दे तिला. होकार मात्र मी तिच्याच तोंडून घेणार."

"घ्या की. घाई कुणाला आहे?"

रूथ गात राहिली, होकार न देता. मध्यंतरी अक्कांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना कोइम्बतूरला घेऊन गेला. स्टेशनवर इतकी पोरं जमली की तिकीट तपासनीसानं सहल कुठं चालली म्हणून विचारलं.

एका संध्याकाळी रूथनं त्यांना फोन लावला. "अक्का, ईस्टरला मी दृढीकरणाला उभी राहणार. सगळं कळलंय असं नाही. पण हो म्हणायचंय."

पलीकडे नुसती खुडबुड.

"अक्का, रडताय?"

"नाही गं. त्या दिवशी मुली पांढरी साडी नेसतात, नाही का? तुला द्यायला माझी शोधतेय. मेल्या ट्रंकेचं झाकण उघडेल तर ना!"