बोटांना कळणारा वास

तुळशीचं बी आणायला मी वालूरला गेलो, तेव्हा बी विकणारी बाई वाफ्यात एकेक मंजिरी चिमटीत चुरत होती. बोटं एकमेकांना टेकवायची, हळूच सोडवायची आणि पुढच्या झाडाकडं वळायची. नाकाशी मात्र एकदाही नेली नाहीत. अख्ख्या वाफ्यात तिनं तीनच झाडांना बियासाठी लाल दोरा बांधला. सगळ्यांत हिरवंगार, डेरेदार झाड तिनं सोडून दिलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"त्याला पाणी लय मिळालंय," ती म्हणाली. "पानामंजिरीवर बारीक लव असती, तिच्या शेंड्याला वासाचं तेल भरतं. लाडाच्या झाडाला तेवढं भरत न्हाई. बोटं चिकटली की समजायचं."

"नुसतं हुंगलं तरी कळेल की," मी शहाणपणानं म्हणालो.

"नाक कोरोनात गेलं, दादा. अजून आलं न्हाई."

मी दोऱ्याच्या झाडाची मंजिरी चुरून हुंगली. अशी तुळस मला जन्मात भेटली नव्हती.

"लय छान आहे."

तिनं आपल्या चिकट बोटांकडं पाहिलं. "छान तर असणारच. वास कसा हाय, ते सांगा."

मी पुन्हा हुंगलं. धडधाकट नाक असून मला एक शब्द सुचला नाही.