शेपटीचा गोल

किस्से साचतात ते डब्यांच्या झाकणांसारखे. डबे कुठं कुठं जातात, झाकणं घरातच राहतात, आणि एक दिवस फळी उघडली की सगळी अंगावर येतात. आमच्या चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी दुपारी इंग्रजी शब्दांचा खेळ चालतो, त्याची सगळी झाकणं माझ्याकडं आहेत. मी सांगते, नात लिहून घेते.

खेळ असा. लाकडाचे चौकोनी तुकडे, प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं. पिशवीतून सात घ्यायचे, त्यातून शब्द जुळवून पाटावर मांडायचा. अवघड अक्षराला मार्क जास्त. खेळणाऱ्या तिघी. कमलामामी, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. राधाबाई, तंजावरकडच्या मराठी घरातली, माझ्याशी मराठी बोलते आणि मामींचं तमिळ मला मराठीत करून देते, पदरचा मसाला घालून. तिसरी माझी नात इरा, सॉफ्टवेअरवाली. चौथी मी. मी पिशवी धरते.

पिशवी माझ्याकडं कशी आली, ते सांगते. राधाबाई पिशवीत हात घालून इतका वेळ चाचपायची, जशी काही बाजारात वांगी निवडतेय. कोरलेलं अक्षर बोटाला कळतं ना! मामींनी पिशवीच काढून घेतली. "अक्कांकडे द्या. त्याच वाटतील. त्यांना वाचता येत नाही, लबाडी कशी करतील?"

शाळेत न गेल्याबद्दल मला मिळालेली ही पहिली नोकरी.

*

अक्षरं मात्र सहा महिन्यांत माझ्या ओळखीची झाली. नावं मीच ठेवली. कात्री, शिडी, फणी, पेला. सगळ्यात द्वाड शेपटीचा गोल, म्हणजे क्यू. शेजारी पेला असल्याशिवाय तो सहसा कुठं बसतच नाही, असं इरा म्हणते.

एकदा हा गोल राधाबाईच्या वाट्याला आला आणि पेला काही येईना. डाव संपला तरी तिच्याकडं तोच. पाट आवरताना तुकडे मोजले, तर एक कमी. टेबलाखाली पाहिलं, सोफा सरकवला, मामींनी मुरुक्कूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्यांचा, डबासुद्धा उलटा केला.

दुसऱ्या दिवशी तो राधाबाईच्या वॉशिंग मशीनमधून निघाला. रागानं कनवटीला खोचला होता आणि विसरली होती. मामींच्या हातात ठेवत म्हणाली, "साबणानं धुतला मामी. तरी शब्द काही सुटला नाही."

*

मग राधाबाईनं कात्रीचे आणि वाकड्या झेडचे शब्द गोळा करायला घेतले. भाजीला निघाली की दुकानांच्या पाट्या वाचत जायची. स्टेशनपर्यंत जाऊन यायची, भाजी विसरायची. शेवटी घरातच खजिना सापडला. एका शनिवारी तिनं मोठ्या ऐटीत एक लांबलचक शब्द मांडला. त्यात कात्रीही आणि झेडही.

"हा काय?" मामी.

"माझी बीपीची गोळी." पर्समधून पाकीट काढून दाखवलं.

"औषधाचं नाव चालत नाही."

"डॉक्टरनं लिहून दिलंय मामी. तुमच्यापेक्षा जास्त शिकलाय तो."

*

इराचा मार्ग वेगळा. फोनमध्ये अक्षरं घातली की ती ज्या ज्या शब्दांत आहेत ते सगळे समोर येतात म्हणे. मामींच्या घरी फोन टेबलावर उलटा ठेवायचा नियम. इरा फोन घेऊन बाथरूमला जायची आणि येऊन भलामोठा शब्द मांडायची.

तिसऱ्यांदा उठली तेव्हा मामी स्वयंपाकघरात गेल्या. आतून पेलाभर ओव्याचं गरम पाणी घेऊन आल्या. "कण्णा, बाळा, पोट बिघडलंय. सगळं पी."

सगळं प्यायली बिचारी, आमच्या तिघींच्या देखत. त्यानंतर पूर्ण डावात तिला तीन अक्षरांच्या वर शब्द सुचला नाही.

*

आता मनातलं सांगते. मला एकदा तरी खेळायचं होतं. सहा वर्षं दुसऱ्यांच्या हातात अक्षरं देत होते. एकदा धीर करून विचारलं, तर मामी म्हणाल्या, "अर्थ सांगता येत नाही तो शब्द मांडायचा नाही, हा माझ्या वर्गाचा नियम. तुम्ही अर्थ सांगाल, अक्का?"

राधाबाईनं याचं मराठी केलं नाही. मला तोवर तेवढं तमिळ येत होतं.

*

गेल्या महिन्यात भर डावात इराला ऑफिसचा कॉल आला. लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जाता जाता म्हणाली, "आजी, माझी पाळी तू खेळ."

मामी हसल्या. "खेळा खेळा."

मी इराची अक्षरं पाहिली. पाट पाहिला. मग एकेक तुकडा उचलून कोपऱ्यात उभा शब्द लावला. वर शेपटीचा गोल, त्याखाली पेला, आणि खाली आणखी चार.

मामींचं हसू थांबलं. "अर्थ?"

"मला नाही माहीत."

"मग उचला."

"उचलते. पण मामी, गणपतीच्या आदल्या शनिवारी हाच शब्द तुम्ही मांडला होता. याच कोपऱ्यात. राधाबाईनं अर्थ विचारला, तर म्हणालात, सहावीतल्या मुलीलासुद्धा येतो. आणि एक्केचाळीस मार्क लिहून घेतलेत. तो अर्थ आज सांगा, मी तुमच्यामागून म्हणते."

हे मी माझ्या मोडक्या तमिळमध्येच बोलले होते. तरी राधाबाईनं ते पुन्हा एकदा चांगल्या तमिळमध्ये सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता.

मामींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. शब्द वरून खाली वाचला. मग खालून वर. मग पेन्सिल उचलून मार्कांच्या कागदावर एक नवा रकाना आखला. राधाबाईनं मान लांब करून वाचलं, "अक्का." त्याखाली, "एक्केचाळीस."

"पण मामी, अर्थ?"

"राधा," मामी म्हणाल्या, "तुझी पाळी."