तळपायाचं काळं

"वरची पोरगी झोपत नाही."

मी जिन्यात चप्पल घालत होते. खाली दारातल्या पायरीवर घरमालकीणबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी जाड काचांचा चष्मा लावलेल्या, स्वेटरवर शाल गुंडाळलेल्या एक बाई होत्या. बोलत होत्या त्या.

"तुम्हाला काय माहीत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"चालण्यावरून कळतं ना. टाच आपटते. नींद झालेलं माणूस टाच आपटत नाही."

मी चप्पल हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आता टाच न आपटता या दोघींसमोरून बाहेर कसं पडायचं, हा मोठाच प्रश्न होता. त्या दिवशी बँकेत मला उशीर झाला.

बदली होऊन मी नाशिकहून वाराणसीला आले होते. तिथल्या दूधविनायक भागात एका मराठी घरात वरची खोली मिळाली म्हणून आईला हायसं वाटलं. तिला वाटलं, लेक निदान बोलेल तरी. माझी शाळा इंग्रजी, बँकेत हिंदी, घरी मराठी, आणि मी तिन्हींत कमीच बोलते. एक वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघते. तोवर समोरच्यांचा विषय बदललेला असतो. आणि झोप खरंच येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, त्या जाड चष्म्याच्या, खालच्याच खोलीत राहणाऱ्या काकू जिना चढून वर आल्या. एका हातात काशाची छोटी वाटी, दुसऱ्या हातात तुपाची डबी.

"पाय दे इकडे."

ओळख ना पाळख. तुमच्यापैकी काहींच्या घरी ही वाटी असेल. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने घासत राहायचं. हळूहळू तळपाय काळे होतात. काकूंच्या मते ती दिवसभराची उष्णता असते, वरून खाली उतरलेली.

मी पाय ओढून घेतले. एवढ्या मोठ्या बाईला आपल्या पायाला हात कसा लावू द्यायचा? निदान आधी नमस्कार करावा म्हणून वाकले, तर त्यांनी मला खांद्याला धरून गादीवर आडवं केलं. "ते सकाळी कर. आत्ता उठलीस तर माझी मेहनत बेकार. आणि बोलायचं नाही."

बोलायचं नाही, ही अट मला फार आवडली.

पण त्यांची आणखी एक रीत होती. समोरच्याचा श्वास लांब झाल्याशिवाय त्या उठत नसत. पहिल्या दिवशी पाऊण तास झाला. वाटी फिरत होती, त्यांचे गुडघे कुरकुरत होते आणि मी टक्क जागी होते. शेवटी मला राहवेना. मी डोळे मिटले आणि श्वास लांब केला. खोटा. त्यांनी दिवा मालवला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि एकेक पायरी उतरत गेल्या.

सकाळी पायरीवर मालकीणबाईंना सांगत होत्या, "पहिल्याच दिवशी गपकन झोपली बघा."

हे ऐकल्यावर खरं कसं सांगणार? मी मान हलवली. मग रोजच हलवत राहिले.

हा काही त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांचे यजमान पाठशाळेत शिकवायचे. त्यांना झोपेचा त्रास होता, म्हणून काकूंनी तीस वर्षं त्यांचे पाय घासले. ते गेल्यावर संध्याकाळी हात रिकामे राहायला लागले, तेव्हा त्या गल्लीतल्या ओळखीच्या घरी जाऊ लागल्या. एकदा मालकीणबाईंच्या शिक्षक नवऱ्याने त्यांना समजावलं, "काकू, ते काळं म्हणजे उष्णता-बिष्णता नाही. तूप आणि धातू एकत्र घासले की होतंच ते."

काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मग तुझ्या बायकोचे पाय मागच्या हफ्त्यात गोरेच कसे राहिले? ती माहेराहून आली होती म्हणून."

मास्तर उठून आत गेले. मालकीणबाई दिवसभर हसत होत्या.

वाटीबरोबर बाकीचे कायदेही आले. संध्याकाळनंतर चहा बंद. दुधात जायफळ उगाळून, तेही चिमूटभरच. खिडकी बोटभर उघडी. बँकेतून आल्यावर आधी अहिल्याबाई घाटावर अर्धा तास बसायचं आणि काही करायचं नाही. "म्हणजे काय करायचं?" मी एकदाच विचारलं. "नदीतली एक नाव बघायची. गेली की दुसरी बघायची." मला वाटलं होतं की हे जमणं सोपं असेल. पहिले कितीतरी दिवस मी मनातल्या मनात मॅनेजरला उत्तरं देत होते आणि समोरून किती होड्या गेल्या, मला पत्ता नव्हता.

फोनचा त्यांनी सरळ निकाल लावला. तो उचलून पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. त्यानंतर बरेच दिवस माझ्या फोनच्या कडांत कणीक असायची. बँकेत एकाने विचारलं, "मॅडम, पार्ट टाइम में रोटी बनाती हैं क्या?" मी फक्त हसले. उत्तर सुचलं ते घरी आल्यावर.

मी लांब श्वासाचं सोंग किती दिवस केलं, सांगता येणार नाही. कारण ते संपलं कधी तेच मला कळलं नाही. रोजच्यासारखे डोळे मिटले, श्वास लांब केला, त्या जातील म्हणून वाट बघत राहिले, आणि डोळे उघडले तर खिडकीत ऊन होतं. तळपाय काळे, चादरीवर तुपाचा डाग. काकूंच्या लेखी त्या दिवसात वेगळं काहीच नव्हतं. मी मात्र बँकेत पोचेपर्यंत हसत होते.

पुढच्या वर्षभरात त्यांची घरं कमी झाली. एकांनी पाय दाबायचं मशीन आणलं, एकांना डॉक्टरांनी गोळी दिली, एक कुटुंब नदीपलीकडे रामनगरला राहायला गेलं. शेवटी मी एकटी उरले. वाटेत कुणी भेटलं की काकू सांगायच्या, "बैठूं कसं? वरच्या पोरीला झोपवायचं असतं ना."

मग त्या घाटावर घसरल्या. उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर लागलं. इंदूरहून त्यांची मुलगी आली. तिने दोन दिवस बघितलं. एका हाताने स्टोव्ह पेटवणारी आई, जिन्याचा कठडा धरून वर येऊ पाहणारी आई. तिसऱ्या दिवशी तिने मला गल्लीत गाठलं. "आई यायला तयार नाही. तुझं नाव सांगते. तू जरा सांगशील का तिला?"

मी हो म्हटलं. आणि आठवडाभर काहीच सांगितलं नाही. काकू वर येत नव्हत्या, आणि मी पुन्हा छताकडे बघत रात्री काढत होते. एकदा मी स्वतःच वाटी आणून स्वतःचे पाय घासून पाहिले. काही होत नाही. स्वतःला गुदगुल्या केल्यासारखं होतं.

काकू आता इंदूरला आहेत. हात बरा आहे, मनगट थोडं वाकडं राहिलं. तिथे नातीचे पाय घासतात, नात फोन डब्यात ठेवायला तयार नाही, असं मुलगी कळवते. त्यांच्या खोलीत आता एक विद्यार्थी राहतो आणि पायरीवर मालकीणबाई एकट्याच भाजी निवडतात. मी अजूनही घाटावर बसते. हल्ली होड्या दिसतात.

जायच्या दिवशी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. सामान बाहेर निघालं होतं आणि काकू पायरीवर बसून होत्या. प्लॅस्टरचा हात मांडीवर. मुलगी रडकुंडीला आलेली. "आई, गाडी सुटेल."

"सुटू दे. पुढच्या महिन्यात प्लॅस्टर निघेल, मग हात चालेल. तोवर डाव्याने करीन."

"पण कुणासाठी?"

"हिला विचार." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी बँकेत निघाले होते, खांद्याला डबा. "विचार हिला, माझ्याशिवाय झोपते का. चेहरा बघ तिचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकीणबाई, मास्तर, मुलगी, रिक्षावाला. काकूंच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. मी वाक्य मनात एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला थांबले नाही.

"झोपते, काकू," मी म्हणाले. "तुमचा हात मोडल्यापासून रोज झोपते. तुम्ही जा."