चुलीवर राहिलेल्या मनुका

मनुका अजून चुलीवरच होत्या आणि दीनामावशी गेली. मी तिच्या उशाशी होते, त्यामुळे आत जाऊन सांगणेही माझ्याच वाट्याला आले. पाळकसाहेब चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणीने जाळ करत होते, धुराने डोळे लाल झालेले. तिचा मुलगा शांतवन पातेल्यात पळी फिरवत होता. एक उकळी आली की उतरवतो, असे काहीतरी तो म्हणाला... आणि माझ्या तोंडाकडे पाहून त्याचा हात थांबला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी चार गोड शब्द लिहावेत अशी रीत आहे, आणि दीनामावशीविषयी गोड लिहायला पुष्कळ आहे. पण माझे मन त्या पातेल्यापाशीच अडकून बसले आहे, म्हणून मी तिथूनच लिहिणार.

मी पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातल्या दवाखान्यात नर्स आहे. कारखाना उभा राहिला तेव्हा कुठून कुठून माणसे कामाला आली, त्यांत नगरकडची आम्ही थोडी ख्रिस्ती कुटुंबेही होतो. शांतवन बॉयलरवर लागला आणि विधवा आईला घेऊन पिंपळे गुरवला कोंडाबाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहू लागला. आम्हांला देऊळ, म्हणजे चर्च, नव्हते. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, खडकीहून सायकलवर यायचे, मावशीच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली जायची आणि प्रभुभोजनाची उपासना व्हायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभूने पापी माणसासाठी जीव दिला, त्याची आठवण म्हणून आम्ही भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट घेतो. आपल्या लायकीवर न मिळालेल्या क्षमेची ती खूण. दारूबंदीच्या दिवसांत द्राक्षारस मिळतो कुठे, आणि मिळाला असता तरी आमच्या लोकांना चालला नसता. तेव्हा काळ्या मनुका शिजवायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळून त्यांचे पाणी घ्यायचे. हे काम मावशीचे. कुणी मदतीला गेले तर "तुमी बसा गाणी म्हणत" म्हणून ती पिटाळून लावायची. त्यामुळे मनुका किती घ्यायच्या, किती वेळ शिजवायच्या, हे आमच्यापैकी कुणी शिकलेच नाही. आयते मिळत होते.

बाई दिसायला काळीसावळी, आडव्या बांध्याची, आणि जिभेने फटकळ. उपासनेला उशिरा येणाऱ्याला भर प्रार्थनेत एक डोळा उघडून पाहायची. माझ्या पांढऱ्या गणवेशाची तिला फार कौतुकमिश्रित चीड. बगळ्यावानी फिरते, म्हणायची, आणि मग त्याच गणवेशाला इस्त्री नीट नाही म्हणून स्वतः कोळसे घालून करून द्यायची. मला आई नाही. या बाईने मला कधी लेक म्हटले नाही, पण आजारी पडले की भाताची पेज घेऊन हजर व्हायची आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहायची.

आमच्यात पेला एकच. तो हातोहात फिरत यायचा, प्रत्येकाने एक घोट घ्यायचा, बायकांनी आधी पदर डोक्यावर घ्यायचा, डोळे मिटून मनात दोन शब्द बोलायचे, आणि मग पुढच्याच्या हातात द्यायचा. मावशी सगळ्यांत शेवटी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची. तिच्यापाशी आलेला पेला घेऊन ती आत जायची. उरलेले वाया जाऊ नये म्हणून ती आत नीट पिऊन, पेला धुऊन ठेवते, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिचा मुलगासुद्धा. एका रविवारी मला ठसका लागला म्हणून मी पाणी प्यायला आत गेले. मागचे दार उघडे होते. मावशी परसातल्या लिंबाच्या झाडापाशी वाकून पेला त्याच्या मुळाशी रिकामा करत होती... सावकाश, एक थेंबही बाजूला जाऊ न देता. मला पाहून ती दचकली नाही. फक्त म्हणाली, "बघितलं ना? आता गप ऱ्हावा."

गप्प राहणे माझ्या स्वभावात नाही. मी तिच्या मागेच लागले. मग कधी तांदूळ निवडताना, कधी मी तिचे सुजलेले पाय शेकताना, तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितले. तिला एक धाकटी बहीण होती, मंजुळा. आईबाप लवकर गेल्याने हिनेच वाढवलेली. ही मंजुळा लग्नाची बायको घरात असलेल्या एका माणसाबरोबर गेली, आणि गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी तिचे नाव मंडळीतून काढून टाकले. मावशीचा नवरा तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर, तेव्हा पंचांना दुखवून चालणार नव्हते. काही महिन्यांनी त्या माणसाने मंजुळेला सोडले. ती दिवस भरत आलेले पोट घेऊन भर दुपारी बहिणीच्या दारात आली. मावशीने कडी काढली नाही. आतूनच सांगितले, आधी पंचांपुढे जा, पदर पसर, मग ये. मंजुळा थोडा वेळ ओट्यावर बसून राहिली असावी. मग उठून गेली. दुसऱ्या गावच्या वाटेवर, कुणाच्या तरी गोठ्यात ती बाळंत झाली, आणि दोघेही गेली. पंचांनी मावशीला दोष दिला नाही. उलट घरातली शिस्त राखली म्हणून तिला बायकांच्या सभेत पुढे बसवले. त्या दिवसापासून हिने पेल्याला ओठ लावला नव्हता.

मी चिडले, वाद घातला. आपल्या प्रभूने कुणाला लायकी विचारून क्षमा केली का, असे विचारले. ती शांतपणे म्हणाली, "त्यानं माफ केलंय, मला ठावं हाय. त्येच्याशी माझं भांडान न्हाई. पर मंजीला कुणी इचारलं? तिला दाराबाहेर ठिवून मी आत पंगतीला बसू व्हय?"  

पाळकसाहेबांना तिने स्वतःच सांगितले, बहुधा माझा जाच टळावा म्हणून. लिंबाच्या झाडाचे मात्र सांगितले नाही. ते तरुण आहेत, मनाचे सरळ आहेत. त्यांनी तिला समोर बसवून सगळे समजावले. पाप किती मोठे यावर तारण ठरत नाही, ते कमवायचे नसते, नुसते हात पुढे करून घ्यायचे असते, आणि घेत नाही म्हणणे हासुद्धा एक प्रकारचा ताठाच. सगळे बरोबर होते. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मावशीने ऐकून घेतले, त्यांना चहा करून दिला, आणि पुढच्या रविवारी पेला घेऊन पुन्हा आत गेली. मला त्या बाईचा राग यायचा आणि तिच्यासाठी तुटायचेही. देव आहे, क्षमा आहे, हे सगळे ती मानत होती, इतरांच्या आजारपणात, मरणात तेच सांगून त्यांना उभे करत होती. फक्त स्वतः उपाशी होती. आमच्यातले कुणी न पाहिलेले हे कोंडाबाईंनी पाहिले होते. एकदा वाटेत मला थांबवून म्हणाल्या, "तुमच्या देवानं समद्यांला माफ केलंय म्हणता न्हवं? मंग ही बाई कशापायी अशी सुकत चाललीया?"

या वर्षी थंडी सरता सरता तिचा दम वाढला. पायांची सूज वर चढली. आमच्या कारखान्यातल्या औषधाने देशात कितीजण वाचतात म्हणे, पण ते तिच्या दुखण्यावरचे नव्हते. हृदय थकले होते. डॉक्टरांनी शांतवनला बाजूला घेऊन सांगितले. तिला सांगावे लागले नाही. ती गेली त्या दिवशी सकाळी पाळकसाहेब भेटायला आले, प्रार्थना केली आणि निघायला उठले. तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, आज मला द्या."

काय द्या, हे कुणालाच विचारावे लागले नाही. शांतवनला एव्हाना कळले होते सगळे. तो भिंतीकडे तोंड करून रडू लागला. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. आणि मग लक्षात आले की रस नाही. रस करणारी खाटेवर पडलेली. मी म्हटले, घरात चहा आहे, पाणी आहे, त्यातलेच द्या. माझे म्हणणे त्यांनी धुडकावले असे नव्हे. ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी मावशींनी मागितलंय, सिस्टर. सगळं यथासांग होऊ द्या." शांतवनलाही ते पटले. आईचे काही घाईघाईत उरकू नये, असे त्याला वाटले. तो पाळकसाहेबांची सायकल घेऊन नदीपलीकडे पिंपरी कँपातल्या दुकानात मनुका आणायला गेला. पाळकसाहेबांनी पिशवीतून पेला काढून घासला, पांढरे फडके झटकले, मला मावशीची चादर बदलायला लावली. प्रेमानेच सगळे चालले होते. "थांबा मावशी, झालंच," असे ते दर थोड्या वेळाने आतून म्हणत होते. तारण फुकट असते हे शिकवणारी आम्ही माणसे, आणि तिने हात पुढे केल्यावर आम्ही तिला सांगत होतो, आधी हे होऊ दे, मग. मंजुळेला तिने हेच सांगितले होते. तिच्या ते ध्यानात आले का? आले असेल. ती छताकडे पाहत पडली होती.

शांतवन परत आला, मनुका चुलीवर चढल्या. तिला तहान लागली. मी पितळी फुलपात्रात पाणी घेऊन तिची मान उचलली. तिने माझा हात अडवला. पदर ओढून डोक्यावर घेतला, डोळे मिटले, ओठ हलले. मग दोन्ही हातांनी फुलपात्र धरून एक घोट घेतला, एकच, आणि फुलपात्र पुढे केले. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून, दाराकडे.

"घे, मंजे," ती म्हणाली.

दारात कुणी नव्हते. मी फुलपात्र तिच्या हातातून काढून घेतले आणि कोनाड्यात ठेवले. त्यानंतर ती बोलली नाही.

रस गाळून झाला तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. पाळकसाहेब तो पेल्यात घेऊन बराच वेळ उभे होते. टाकायचा कुठे हे त्यांना कळेना. शेवटी परसात गेले आणि पायदळी जाऊ नये म्हणून लिंबाच्या मुळाशी ओतून आले... मी दारातून पाहिले आणि तोंडात पदर कोंबला.

दफनाच्या वेळी दोनचार बायका हळहळल्या, अगदी ओठाशी येऊन राहिले म्हणाल्या. मी तेव्हा बोलले नाही. पुढे एकदा पाळकसाहेबांना फुलपात्राचे सांगितले. ते म्हणाले, "मागितलं तेव्हाच द्यायला हवं होतं. पाणी तर पाणी." पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी उपदेश केला नाही. नुसत्या प्रार्थना झाल्या. मनुका मी शिजवल्या होत्या. पाणी फिके झाले, वर करपल्याचा वास. सगळ्यांनी मुकाट्याने घोट घेतला. उंबऱ्याशी आता शांतवन बसतो. पेला त्याच्यापाशी गेला तेव्हा तो आत वळून पाहत राहिला, कुणीतरी हातातून घेऊन जाईल म्हणून थांबल्यासारखा.

फुलपात्र अजून त्या कोनाड्यात आहे. तिने उरवलेले पाणी आटून गेले, आत पांढरी रेघ तेवढी राहिली. कोंडाबाई चिंचेने घासून देते म्हणाल्या, शांतवनने दिले नाही. माझ्या धंद्यात मी मरणारी माणसे पुष्कळ पाहिली आहेत. शेवटी भ्रम होतो, गेलेली माणसे दारात दिसतात, त्यांना हाका मारतात. हे मला कळते, आणि रात्रपाळी करून परतताना तेच मला खायला उठते. तिला साधी तहान लागली असेल... पण तहानेने घसा सुकलेले माणूस पाणी अडवून आधी पदर घेत नाही. एवढ्या एका गोष्टीला धरून मी आहे.