ओव्याची पुरचुंडी
तव्यावर ओवा तडतडला की मला आजही नाशिकचा तो दवाखाना आठवतो. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नसलेल्या माझ्या धाकट्या जावेच्या जांघेत गाठ आली होती, झेंडू तोडायला वाकली की ती ठणकायची. लाजेपायी तिने ती फक्त मला दाखवली, आणि मी मोठी शहाणी, गरम ओव्याच्या पुरचुंडीने आठ दिवस ती गाठ शेकत आणि आत दाबत राहिले. शेवटी तिला उभंही राहवेना, तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात नेलं. हर्निया निघाला. ऑपरेशन सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तोच डॉक्टर मास्क खाली करत बाहेर आले. "गाठीत आतडं नाही, यांचं अंडाशय खाली उतरलंय. काळपट पडलंय. कोमट पाण्याच्या पट्टीत ठेवून बघतो, रंग नाही आला तर काढावं लागेल. सही करा." दिराने सही करता करता विचारलं, "पोर होईल ना, साहेब?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "गाठ कोणी दाबली होती का?" "नाय," मी म्हणाले. बोटांना ओव्याचा वास येत होता, मी हात पदराखाली घेतले. दहा मिनिटांनी सिस्टरने दार उघडून सांगितलं, "रंग आला." आज जावेच्या लेकीचं पोट दुखतंय म्हणून तिने तव्यावर ओवा टाकला, तर मी उठून गॅसच बंद केला. "का हो, ताई?" तिने विचारलं. त्या दिवशी डॉक्टरांनी मला काय विचारलं आणि मी काय सांगितलं, हे तिला अजून ठाऊक नाही.